पार्ट बदलण्याला निदान म्हणत नाहीत

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे गाड्या दुरुस्त होत नाहीत, त्यांचे पार्ट बदलले जातात. यात दोष फक्त सर्व्हिस सेंटरचा नाही. तिथे पैसे मोजणाऱ्या आपलाही आहे. आणि मेकॅनिकलची डिग्री घेऊन लॅपटॉपवर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्यांचा तर जरा जास्तच.

आता प्रसंग. गेल्या डिसेंबरात आई-बाबांना घेऊन पुण्याहून वाईला निघालो होतो. गाडी बाबांच्या नावावरची, पण गेली तीन वर्षं माझ्याकडे पुण्यात. दहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, ऐंशी हजार किलोमीटरच्या पुढे गेलेली. ही तिची शेवटची फेरी असं ठरलं होतं. वाईत बाबांच्या ओळखीचा एक एजंट ती साठ हजाराला घेणार होता. सर्व्हिस सेंटरने ‘इंजिन ओपन करावं लागेल’ असं सांगितलंय, हे बाबांनी त्याला प्रामाणिकपणे आधीच सांगून ठेवलेलं, त्यामुळे साठ हजार.

खंबाटकी घाटाच्या चढाला एक उसाचा ट्रक पुढे रांगत होता. मी उजवीकडे घेतली, तिसऱ्या गिअरवर ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडीने ओढायचं सोडून उचक्या द्यायला सुरुवात केली. पायाला गचके जाणवत होते. बोनेटखालून टिक-टिक-टिक-टिक असा कोरडा आवाज, कुणी नखाने पत्रा वाजवावा तसा. मीटरमधला इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. ट्रक शेजारी, मागे बसचा हॉर्न. पुढे जाता येईना, मागे व्हायला जागा नाही. आई काही बोलली नाही. तिने फक्त खिडकीवरची मूठ धरली. पाय थोडा सैल केला तशी गाडी जरा सावरली आणि ट्रक ड्रायव्हरने स्वतःहून वेग कमी केला म्हणून आम्ही पुढे निघालो. त्या माणसाचे आभार मानायचे राहिले.

वर आल्यावर बाबा म्हणाले, “थकली रे गाडी.”

गाडी थकलेली नव्हती. तिचा रबराचा एक नळकांडा टाचणीच्या टोकाएवढा जळला होता. पण ते कळायला अजून दोन दिवस होते. त्याआधी तीन महिन्यांत काय काय झालं ते ऐका.

पहिली खेप सप्टेंबरात. तक्रार लिहून घेतली : पिकअप नाही, चढाला आवाज. चारही स्पार्क प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली. बिल चार हजार दोनशे. पंधरा दिवस गाडी झकास चालली, मग पुन्हा तेच. दुसरी खेप. स्कॅनर लावला, दोन कोड निघाले. पी०१७१, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. आणि पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये जळण नीट होत नाहीये, आपल्या भाषेत गाडी मिसिंग मारतेय. सर्व्हिस ॲडव्हायझरने समजावलं, “सर, प्लग तर आपण आत्ताच बदललेत. पेट्रोल कमी पडतंय म्हणूनच मिसिंग येतंय. ऑक्सिजन सेन्सर गेलाय.” सेन्सर बदलला. नऊ हजार सातशे. फरक शून्य. तिसऱ्या खेपेला हातात एस्टिमेट : फ्युएल पंप, चारही नोझल, आणि तेवढ्यानेही नाही झालं तर हेड उतरवून बघू. सेहेचाळीस हजार, ‘तेवढ्याने नाही झालं तर’चा खर्च वेगळा. मी विचारलं, तोवर चालवू का? “चालवा ना सर, काही होत नाही.”

लुकलुकणारा पिवळा दिवा म्हणजे काय हे त्याला माहीत नसेल असं मी मानत नाही. हा दिवा नुसता लागून राहिला तर सवडीने दाखवा. पण तो उघडझाप करायला लागला, तर इंजिनमध्ये न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय, आणि तो महागडा पार्ट वितळू शकतो. म्हणून पाय सैल करायचा, गाडी बाजूला घ्यायची. हे गाडीच्या मॅन्युअलमध्येही असतं. घाटात आईला घेऊन जाणाऱ्या माणसाला ‘काही होत नाही’ म्हणणं हे निष्काळजीपणाचंच उत्तर.

पण माझा खरा राग ‘सेन्सर गेलाय’ या वाक्यावर आहे. जरा तपशिलात जातो.

गाडीत कोड देणारी जी यंत्रणा असते, ओबीडी, तिचा जन्म मेकॅनिकच्या सोयीसाठी झालेला नाही. तिच्यामागे अमेरिकेतले, विशेषतः कॅलिफोर्नियातले, धुराचे कायदे आहेत. १९९६ पासून तिथल्या सगळ्या नव्या कार्सना तिची दुसरी आवृत्ती सक्तीची झाली. आपल्याकडे ती नंतर आली. तिचं मूळ काम एकच : प्रदूषण वाढेल असं काही होत असेल तर दिवा लावायचा आणि काय दिसलं ते नोंदवून ठेवायचं. काय दिसलं ते. का झालं ते नाही. कुठला पार्ट बदला, हे तर मुळीच नाही.

पी०३०३ कसा लागतो बघा. इंजिनच्या आत डोकावून बघणारा कुणी नसतो. क्रँकशाफ्टच्या वेगावर एक सेन्सर लक्ष ठेवून असतो. प्रत्येक सिलिंडरची पाळी आली की शाफ्टला एक ढकल बसते. तिसऱ्याच्या पाळीला ती ढकल आली नाही, की शाफ्ट किंचित मंदावतो. कॉम्प्युटर म्हणतो, तिसरा कामावर आलेला दिसत नाही. आता तो का आला नाही? ठिणगी पडली नसेल, पेट्रोल मिळालं नसेल, व्हॉल्व्ह गळत असेल, वायरिंग तुटलं असेल. कोडला ते माहीत नसतं. शाळेच्या हजेरीपटावर ‘गैरहजर’ लिहिलेलं असतं, मुलाला ताप आहे की तो नदीवर गेलाय हे पट सांगत नाही.

आणि पी०१७१? तो ऑक्सिजन सेन्सरच्या साक्षीवरून लागतो. हा सेन्सर एक्झॉस्टमध्ये बसून किती ऑक्सिजन उरलाय ते मोजतो. जास्त उरला तर पेट्रोल कमी पडलं असा अर्थ कॉम्प्युटर काढतो आणि पेट्रोल वाढवतो. आता तिसरा सिलिंडर पेटलाच नाही तर त्यात शिरलेली सगळी हवा जशीच्या तशी बाहेर येणार. सेन्सरला भरपूर ऑक्सिजन दिसणार. तो तसं सांगणार. म्हणजे पेट्रोल कमी पडल्याने मिसिंग होत नव्हतं, मिसिंगमुळे पेट्रोल कमी पडल्यासारखं दिसत होतं. कारण आणि परिणाम उलटे लावले गेले, आणि खरं बोलणाऱ्या एकमेव साक्षीदाराला नऊ हजार सातशे रुपये भरून आम्ही हाकलून दिलं. नव्या साक्षीदारानेही तीच साक्ष दिली. मग फ्युएल पंपावर संशय.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. प्रोग्राम जिथे कोसळतो ती ओळ आणि जिथे चूक झालेली असते ती ओळ क्वचितच एक असते. कोसळलेल्या ओळीलाच ठिगळ लावणारा मुलगा टीममध्ये असला की आपण त्याला शिकवतो, किंवा मागून हसतो. तेच काम युनिफॉर्म घालून, एसी लाउंजमध्ये कॉफी देऊन केलं की आपण कार्ड स्वाइप करतो.

मीही कार्ड स्वाइप केलं. दोनदा.

वाईला पोचल्यावर गाडी विकण्याआधी निदान घाटात बंद न पडता एजंटपर्यंत जावी म्हणून बाबांनी बायपासजवळच्या एका गॅरेजवाल्याला दाखवली. रस्त्यावरचा मेकॅनिक म्हणजे जन्मजात वैद्य असतो, कंपनीवाले सगळे चोर असतात, अशी एक गोष्ट आपल्याला फार आवडते. ती मी सांगणार नाही, कारण हा पहिला गॅरेजवालाही तसाच निघाला. एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, क्लच प्लेट गेली. वास्तविक क्लच घसरतो तेव्हा इंजिनचा आरपीएमचा काटा सरसर वर जातो आणि गाडी मात्र तितकी पळत नाही. आमचा काटाच वर जायला तयार नव्हता. हे सांगितल्यावर तो म्हणाला, “मग एक्सल असंल.” स्कॅनर लावून अंदाज करणं आणि स्कॅनर न लावता अंदाज करणं, यात फरक फक्त बिलाचा.

मग मी नवी पिढी जे करते ते केलं. फोनवर लक्षणं टाइप केली. दहा-बारा कारणांची सुबक यादी आली : टॅपेट, एक्सल जॉइंट, एक्झॉस्ट गळती, तुंबलेला फिल्टर, प्लग, कॉइल, टायमिंग चेन. सगळी कारणं शक्य, सगळी खरी. आणि एवढी यादी हातात असून मला पुढचं पाऊल माहीत नव्हतं. यादी म्हणजे निदान नव्हे. निदान म्हणजे यादीतली नावं खोडत जाणं, आणि खोडायला काहीतरी करून बघावं लागतं.

आवाजाच्या बाबतीत हे करून बघणं किती स्वस्त असतं ते मला दुसऱ्या मेकॅनिककडे कळलं. सुरूर फाट्याकडे जाताना एक शेड आहे, तिथले हे गृहस्थ. पन्नाशीचे, कमी बोलणारे. बाबांचे माजी विद्यार्थी निघाले, त्यामुळे बाबांना ‘गुरुजी’ आणि मला ‘साहेब’, जे मला पुढे फार टोचलं. त्यांनी बोनेट उघडायच्या आधी प्रश्न विचारले. आवाज गाडी थंड असताना येतो की तापल्यावर? एक्झॉस्टची गळती असली तर थंडीत जास्त टिकटिकते, तापून लोखंड फुगलं की कमी होते. आमचा आवाज दोन्ही वेळा. वळताना येतो की सरळ जाताना? पूर्ण स्टिअरिंग कापून वळताना कट-कट आली तर बाहेरचा एक्सल जॉइंट. आमचा सरळ चढाला. वेग गाडीचा वाढला की आवाज भरभर होतो, की रेस वाढली की? न्यूट्रलला उभी करून रेस दिली तर येतो का? नाही येत. पावसात जास्त होता का? हो, सप्टेंबरात रोज. आणि शेवटचा प्रश्न, जो कुणीच विचारला नव्हता : “इंजिन पाण्यानं धुतलं होतं का मधी?”

धुतलं होतं. गणपतीच्या आधी, वॉशिंग सेंटरवर, प्रेशरच्या पाण्याने, मीच. सगळ्याचं मूळ तेच असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण प्रश्न बरोबर होता.

मग काम सुरू झालं. आयडलवर प्रत्येक सिलिंडरच्या कॉइलचं कनेक्टर एकेक करून काढलं. जो काढल्यावर इंजिनच्या आवाजात काही फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. चारही वेळा इंजिन लंगडलं, म्हणजे उभ्या गाडीत चारही जिवंत. सर्व्हिस सेंटरला ‘सगळं ओके’ वाटलं ते इथेच. पण आमची तक्रार उभ्या गाडीची नव्हतीच. त्यांनी चाकांना पुढे-मागे दगड लावले, मला पहिल्या गिअरवर हँडब्रेक ओढून हलकेच क्लच सोडायला लावला, म्हणजे इंजिनवर भार येईल, आणि स्वतः बाजूला उभं राहून रबरी पाइपचं एक टोक कानाला, दुसरं प्लगच्या विहिरींवर फिरवलं. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये आवाज सापडला. पण कानावर त्यांचा पूर्ण विश्वास नव्हता, कारण लोखंडातून आवाज कुठूनही कुठेही जातो. म्हणून त्यांनी तिसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून दुसऱ्यावर बसवली, दुसऱ्याची तिसऱ्यावर. खिशातला छोटा स्कॅनर लावला. हो, स्कॅनर त्यांच्याकडेही होता, फोनला ब्लूटूथने जोडायचा, हजार रुपयांच्या आतला. कोड पुसले. आणि म्हणाले, “चला पसरणीला.”

पसरणी घाटाची दोन वळणं चढलो. तीच उचकी, तीच टिकटिक, पिवळ्या दिव्याची उघडझाप. गाडी बाजूला घेतली, फोन बघितला. पी०३०२.

कॉइलसोबत कोड दुसऱ्या सिलिंडरवर गेला होता. पेट्रोल पंप, नोझल, व्हॉल्व्ह, वायरिंग, हेड, सगळ्यांची एका फटक्यात सुटका. यातलं काहीही एका सिलिंडरवरून उचलून दुसऱ्यावर नेलं नव्हतं. नेली होती फक्त कॉइल. लागलेला वेळ चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, बदललेले पार्ट शून्य.

कॉइल काढून उन्हात धरली. तिच्या खालच्या रबराच्या बूटला आतून एक करडी रेघ आणि रेघेच्या टोकाला बारीक जळका ठिपका. तिसऱ्या प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवरही काळी रेघ उमटायला लागली होती. ठिणगी आत सिलिंडरमध्ये पडायच्या ऐवजी रबरातून फुटून बाहेर, विहिरीच्या लोखंडी भिंतीवर पडत होती. ती टिकटिक म्हणजे त्या ठिणगीचा आवाज. आवाज आणि पिकअप या दोन तक्रारी नव्हत्याच, एकच होती : ठिणगी बाहेर पडली की आवाज, आत पडली नाही म्हणून ओढ गेली.

आणि फक्त चढालाच का? इथे माझी डिग्री पहिल्यांदा उपयोगी पडली, गॅरेजच्या स्टुलावर बसल्याबसल्या. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनमध्ये जास्त हवा शिरते, दाबली गेल्यावर तिचा दाब जास्त होतो, आणि जास्त दाबाच्या हवेतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. उभ्या गाडीत प्लगच्या फटीतून उडी मारणं सोपं, म्हणून ठिणगी तिथेच जाते. चढाला ती वाट कठीण होते आणि रबरातलं जळकं भोक सोपं. वीज सोपी वाट धरते. नवे प्लग घातल्यावर पंधरा दिवस गाडी का सुधारली याचंही उत्तर यातच. नव्या प्लगची चिनीमाती कोरी होती, पण जुन्या बूटमधली जळकी रेघ तशीच होती. तिने नव्या प्लगलाही हळूहळू वाट पाडून दिली. पंधरा दिवस गाडी सुधारली हाच सगळ्यात मोठा पुरावा होता. ‘प्लग तर बदललेत’ असं म्हणून तोच फायलीतून बाहेर फेकला गेला.

आता माझ्या कॉलेजची गोष्ट, जी सांगताना मला अजून लाज वाटते. तिसऱ्या वर्षाला आम्हाला आय. सी. इंजिन्सच्या प्रॅक्टिकलला ‘मोर्स टेस्ट’ होती. चार सिलिंडरचं इंजिन चालू ठेवायचं, एकेका सिलिंडरची ठिणगी तोडायची, वेग पूर्वीइतका आणून ताकद किती घटली ते मोजायचं. जितकी घटली तितकी त्या सिलिंडरची कमाई. मागे वळून वाचा : त्या शेडमध्ये कनेक्टर एकेक काढून जे चाललं होतं ती मोर्स टेस्टच, डायनामोमीटरऐवजी कान लावून. मी ही टेस्ट जर्नलमध्ये लिहिली आहे. आकृती काढली आहे, ग्राफ काढला आहे, निष्कर्ष लिहिला आहे, खाली सरांची लाल सही आहे. रीडिंग्ज सीनियरच्या जर्नलमधून उतरवली होती, कारण लॅबमधलं इंजिन चालू होत नव्हतं. साठ मुलांच्या वर्गाला बंद इंजिनवर एकसारखी रीडिंग्ज मिळाली आणि कुणालाच, सही करणाऱ्यालाही, त्यात काही विचित्र वाटलं नाही. एक बंद पडलेलं इंजिन समोर आणि साठ भावी इंजिनिअर त्याच्याभोवती, आणि ते का बंद आहे हे शोधावं असं एकालाही वाटू नये! यापेक्षा चांगलं प्रॅक्टिकल आम्हाला कुणी देऊ शकलं नसतं. आम्ही जर्नलला कव्हर घालत बसलो.

म्हणून सर्व्हिस सेंटरमधल्या त्या मुलावर मला पूर्ण रागावता येत नाही. तोही कुठल्यातरी अशाच लॅबमधून आला असणार. शिवाय दुसऱ्या खेपेला मी त्याला बाजूला घेऊन विचारलं होतं, जरा वेळ घालवून नीट बघता येणार नाही का? तो म्हणाला, “सर, बघण्याचं जॉब कार्ड नसतं.” तेव्हा मला ती टाळाटाळ वाटली. ते अगदी अचूक वर्णन होतं. बिलात दोनच रकाने असतात, पार्ट आणि लेबर, आणि लेबर म्हणजे तो पार्ट बसवण्याचं. विचार करण्याला, करून बघण्याला, खोडण्याला रकानाच नाही. ज्या कामाला रकाना नाही ते काम कुणी कशासाठी करेल? चाळीस मिनिटं खर्चून ‘तुमचा सेन्सर चांगला आहे’ असं सांगणाऱ्याला शून्य मिळतं. पाच मिनिटांत तो बदलणाऱ्याचं बिल नऊ हजार सातशे होतं. यात चोरी शोधायची गरजच नाही. हिशेबच असा मांडलाय की चुकीच्या उत्तराचे पैसे मिळतात, आणि अंदाज चुकला तर पुढच्या अंदाजाचे पुन्हा मिळतात.

आणि हा हिशेब आपण मांडलाय. ‘बघायचे कसले पैसे?’ हे वाक्य कुठल्या कंपनीने शोधलेलं नाही. प्लंबर आला, नळ बघून म्हणाला वॉशर ठीक आहे, वरची टाकी रिकामी आहे, तर त्याला आपण चहा देतो, पैसे देत नाही. डॉक्टरने गोळी न देता ‘काही झालेलं नाही, झोप घ्या’ सांगितलं की फी जीवावर येते. हातात वस्तू पडली पाहिजे. मग समोरचा वस्तू देतो.

म्हणाल, आजच्या गाड्या इतक्या गुंतागुंतीच्या आहेत की पूर्वीसारखं शोधत बसणं परवडत नाही, पार्ट बदलून टाकणंच स्वस्त. काही ठिकाणी हे खरं आहे. सीलबंद इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल कुणी उघडून दुरुस्त करावं असं मी म्हणत नाही. बदलाच. पण कुठला बदलायचा हे आधी कळायला नको का? आणि गुंतागुंत वाढली तशी शोधण्याची साधनंही वाढली. खिशातला तो स्कॅनर चालत्या इंजिनचे आकडे क्षणाक्षणाला दाखवतो. पूर्वीच्या मेकॅनिकला हे स्वप्नातही मिळालं नसतं. साधन गरीब नाही, ते वापरणारा प्रश्न गरीब आहे. सेंटरमधल्या स्कॅनरला विचारलं गेलं, ‘काय बदलू?’ शेडमधल्या स्कॅनरला विचारलं गेलं, ‘कॉइल हलवल्यावर तू तुझं म्हणणं बदलतोस का?’

आता माझा स्वतःचा हिशेब. साताऱ्याहून कॉइल मागवली, एकोणीसशे रुपये. एक प्लग, एकशे ऐंशी. लेबर विचारलं तर ते म्हणाले, “दोनशे द्या. काय बदललंच न्हाई जास्त, तर घेऊ कशाचं?” आणि मी, महिन्याला चांगला पगार घेणारा, चौदा हजार वाया घालवून आलेला, सेहेचाळीस हजार वाचलेला मी म्हणालो, “राउंड फिगर करा ना, सगळे मिळून बावीसशे.” ऐंशी रुपयांसाठी. तोंडातून निघून गेलं. ते हसले आणि बरं म्हणाले. बाबांनी माझ्याकडे बघितलं. शिक्षक माणसाचं ते बघणं मला शाळेपासून माहीत आहे.

फॅक्टरीतलं बंद मशीन म्हातारा इंजिनिअर एका ठोक्यात चालू करतो आणि ठोक्याचा एक रुपया, ठोका कुठे मारायचा याचे बाकी, असं बिल देतो, ती गोष्ट तुमच्याही फॅमिली ग्रुपवर आली असेल. मी ती दोनदा तरी फॉरवर्ड केली आहे. ऑफिसात अप्रेझलच्या आठवड्यात तर सगळेच करतात. तो म्हातारा आपण स्वतः असतो तोवर गोष्ट छान असते.

ऑफिसचं निघालंच आहे तर सांगतो. आमची एक सेवा दर तीन दिवसांनी मेमरी खाऊन बंद पडायची. आम्ही काय केलं? रोज पहाटे चारला ती आपोआप रीस्टार्ट होईल अशी सोय केली, आणि तरी पडायला लागली तेव्हा दुप्पट मोठा सर्व्हर घेतला. मेमरी कुठे गळतेय हे शोधायला दोन दिवस मागितले होते. मिळाले नाहीत, कारण त्या दोन दिवसांचं तिकीट कुठल्या नावाने काढायचं हे कुणाला कळेना. मोठ्या सर्व्हरचं तिकीट पाच मिनिटांत मंजूर झालं. बघण्याचं जॉब कार्ड आमच्याकडेही नसतं. वाईहून परतल्यावर मी ते दोन दिवस पुन्हा मागितले, आणि या वेळी तिकिटाला नाव दिलं ‘कारण शोधणे’. मॅनेजरने विचारलं, यातून डिलिव्हर काय होणार? अजून त्यावर चर्चा चालू आहे.

गाडी विकली नाही. बाबांनी एजंटला फोन करून सांगितलं, त्याने नव्वद हजारांपर्यंत वाढवून पाहिलं. परत येताना शेडपाशी थांबलो, पाचशेची एक नोट दिली. ते घेईनात. बाबा म्हणाले, “घे रे, शोधल्याचे आहेत.” गुरुजींचं ऐकायची सवय असावी, त्यांनी घेतली, आणि लगेच चारही टायरची हवा तपासून दिली, फुकट काही घेतल्यासारखं वाटू नये म्हणून.

गेल्या आठवड्यात सर्व्हिस सेंटरमधून फोन आला. गोड आवाज, पुढची सर्व्हिस ड्यू आहे, या महिन्यात ऑफर आहे. मी विचारलं, गाडीत एखादा फॉल्ट असेल आणि तो फक्त शोधून द्यायचा असेल, काही न बदलता, तर त्याचा चार्ज किती? मी पैसे द्यायला तयार आहे. पलीकडे की-बोर्ड वाजला. जरा वेळ शांतता. मग ती म्हणाली, “सर, तसं काही दिसत नाहीये सिस्टिममध्ये. चेकिंग आपल्याकडे फ्री असतं.”